सोडू का, बाई?

आक्का ऑटोक्लेव्हला नमस्कार करायच्या. दुपारी चारच्या सुमाराला दिवसभरात वापरलेल्या प्लेटा आणि टेस्ट ट्यूबा जाळीच्या टोपल्यांत भरून त्या मागच्या खोलीत न्यायच्या, दाराबाहेर चपला काढायच्या, टोपल्या यंत्रात उतरवायच्या आणि झाकण लावण्याआधी दोन्ही हात जोडून, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलायच्या. मग एकेक नट आवळत जायच्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे काय, तर एक भलामोठा कुकर. पंधरा पौंड दाबाच्या वाफेत वीस मिनिटं ठेवलं की आतला एकही जंतू जिता राहत नाही. मी एफ.वाय.ला असताना हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि मला वाटलं, बाई यंत्राला भीत असतील. तसं विचारलंही.

"यंत्राला कशाला भ्याचं?" आक्का म्हणाल्या. "आतल्यास्नी हात जोडतो मी. क्षमा मागतो. एवढं जीव जात्यात, त्यास्नी सांगाय नगो?"

आमच्या सांगलीकडे बायकाही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. बाहेरची माणसं ऐकून हसतात. आक्कांच्या तोंडून मात्र ते 'मी मागतो' असं काही सहज यायचं की हसू ओठांवरच राहायचं.

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, आक्का लॅब अटेंडंट होत्या. धर्मानं जैन. माहेर-सासर दोन्ही मिरजेपलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीजवळची. सासरी वर्षभरच राहिल्या आणि परत आल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. सांगलीत भावाकडे राहायच्या. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या या बाईला नोकरी मिळाली ती नेमकी जंतू वाढवायची आणि मारायची. कांदा-बटाटा जमिनीखालचा म्हणून त्यांनी कधी तोंडात घातला नाही, पण बुरशी वाढवायला बटाट्याचं पाणी लागतं, म्हणून किलो किलो बटाटे उकडले. जंतूंच्या खाद्यात मांसाचा अर्क असतो. त्या बरणीला त्या नाव घेऊन कधी हाक मारायच्या नाहीत, 'त्यो डबा' म्हणायच्या. डावा हात फक्त त्या डब्यासाठी राखून ठेवला होता. डाव्या हातानं वजन करायच्या आणि वजन कधी अर्ध्या ग्रॅमनं चुकायचं नाही. पोरांनी त्यांचं नाव 'क्षमाक्का' ठेवलं होतं. त्यात चेष्टाच जास्त होती आणि मीही त्या चेष्टेत होते.

मारणे हा शब्द आक्कांना चालायचा नाही. कुणी 'आक्का, ह्या प्लेटा मारून टाका' म्हटलं की त्या टोपली हातातच धरून उभ्या राहायच्या. "मारायचं म्हनू नगा. सोडायचं म्हना. हितनं सुटल्यात, फुडं जात्यात." म्हणून आमच्या लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह करण्याला 'सोडणे' असा शब्द पडला. आधी चेष्टेत, मग सवयीनं. 'कालच्या ट्यूबा सोडल्या का?' 'हे सोडायचंय, ते ठेवायचंय.' कडक इस्त्रीचे आमचे विभागप्रमुख सरसुद्धा 'अहो, ते सोडून द्या' म्हणायला लागले. आक्कांचा एक नियम होता. कुणाचीही टोपली असो, त्या आधी विचारायच्या, 'सोडू का?' आणि समोरच्यानं 'सोडा' म्हटल्याशिवाय नटाला हात लावायच्या नाहीत. दिवसातून दहा वेळा विचारायच्या. आम्ही दहा वेळा वैतागायचो.

मी कुंडलची. उसाच्या घरातली, बारावीला बरे मार्क पडले म्हणून शास्त्र शाखेला आलेली आणि प्रॅक्टिकलला बावचळणारी. पहिल्याच आठवड्यात मी आगरची, म्हणजे गार झालं की थिजणाऱ्या जंतूंच्या खाद्याची, बाटली गरम गरमच प्लेटीत ओतली. झाकणाला आतून सगळा घाम धरला आणि दुसऱ्या दिवशी प्लेटीत नुसता रबडा. पुढच्या वेळी भीतीनं इतकी थांबले की आगर बाटलीतच थिजलं. सर म्हणाले, पंचेचाळीस ते पन्नास अंश. ते मला कसं कळणार? आक्कांनी मला बाजूला घेतलं, बाटली माझ्या गालाला लावली. "भाजतंय?" म्हटलं, हो. थोड्या वेळानं पुन्हा. "आता?" म्हटलं, नाही, कोमट लागतंय. "दह्याला दूध कवा इरजतीस? तवाच वतायचं. तुज्या आयनं शिकीवलंय ते हितं इसरू नगो." आज वीस वर्षं होत आली, थर्मामीटर खिशात असतो, तरी मी बाटली आधी गालाला लावते. मुलं हसतात.

विरजणावर आक्कांचा फार जीव. जंतूंचं कल्चर नळीत तसंच ठेवलं की खाणं संपतं आणि ते मरतं. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यातलं टाचणीएवढं उचलून नव्या नळीत लावावं लागतं. पुस्तकात याला सबकल्चर म्हणतात. आक्का म्हणायच्या, "इरजण मोडायचं न्हाई." नवी पिढी नीट वाढली की जुनी नळी सोडायची. शिवाय प्रत्येक जातीची एक नळी त्या गुपचूप वेगळी ठेवायच्या. सरांनी या 'डबल कारभारा'वर एकदा चांगलंच झापलं होतं, फ्रीजमध्ये जागा नाही म्हणून. तेव्हापासून त्या नळ्या चहाच्या एका पत्र्याच्या डब्यात गेल्या आणि डबा कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. एकदा एक मुलगी परीक्षेच्या निकालानंतर रडत म्हणाली, 'सगळ्या आशेवर विरजण पडलं, आक्का.' आक्का बघतच राहिल्या. "इरजण पडलं तर दही हुतंय की गं. वाईट काय झालं?" ती मुलगी रडता रडता हसली.

सर वर्गात पेशीचं रसायन शिकवायचे तेव्हा आक्का दाराशी काचसामान पुसत उभ्या असायच्या. पेशीत बहुतेक पाणीच, उरलेलं प्रथिनं, मेद, साखरा, न्यूक्लिक आम्लं. उष्णतेनं प्रथिनांच्या घड्या मोडतात, दूध नासल्यासारखं होतं आणि पेशी मरते. सर फळ्यावर सगळं छान मांडायचे. तास संपला की आक्का फळा पुसता पुसता मला हळूच म्हणायच्या, "समदं सांगितलं. पानी सांगितलं, साखर सांगितली. जीव कुटं आसतोय तेवढं न्हाई सांगितलं बग." मी सरांना जाऊन विचारलं, तर सर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही.

दर मे महिन्यात कॉलेज आक्कांना 'ब्रेक' द्यायचं. म्हणजे तीस एप्रिलला नोकरी संपली आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं लागली. असं केलं की माणूस वीस वर्षं राबला तरी कागदावर दरवर्षी नवाच राहतो आणि कायम करा म्हणू शकत नाही. ही युक्ती ज्यानं शोधली त्याला कुठल्या टोपलीत घालावं मला ठरवता येत नाही. आक्का मे महिन्यातही यायच्या. आम्ही गावाला, प्राध्यापक महाबळेश्वरला, आणि आक्का डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात बिनपगारी कॉलेजला. कशाला येता म्हटलं तर म्हणायच्या, "त्यास्नी सुट्टी कळती व्हय? उपाशी मरतील की." त्या जगवायच्या आणि मारायच्या त्याच जंतूंना, आणि दोन्हीत त्यांना सारखंच कर्तव्य दिसायचं.

वर्षातला एक दिवस मात्र आक्कांचा स्वतःचा होता. गणपती पाण्यात गेले की एक-दोन दिवसांत जैनांचा क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. आक्का त्या दिवशी धुवट पांढरं लुगडं नेसून प्राचार्यांपासून सुरुवात करायच्या. मग सर, मग आम्ही पोरं, कँटीनवाला, गेटवरचे मिलिटरीतून रिटायर झालेले नाना. प्रत्येकासमोर हात जोडून म्हणायच्या, "वर्सात माजं काय चुकलं आसंल तर क्षमा करा." प्राचार्य फायलीतून मान वर न काढता 'हं, हं' म्हणायचे. नाना मात्र उठून उभे राहायचे. "आवं आक्का, तुमचं काय चुकायचं? आमीच उलटं..." आम्ही पोरं खिदळत म्हणायचो, 'जा, केलं माफ!' आक्कांना ते चालायचं. त्या क्षमा मागायला यायच्या. आम्ही ती कशी देतो हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

पुढे मी एम.एस्सी. केलं आणि त्याच विभागात अध्यापक म्हणून लागले. पहिल्या दिवशी आक्का मला 'बाई' म्हणाल्या आणि 'तू'चं 'तुमी' झालं. मी 'अहो आक्का, मला कसलं बाई म्हणता' असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला ते आवडलं होतं.

पीएच.डी.साठी मी कवठे महांकाळच्या बाजूच्या कोरडवाहू रानांतली माती गोळा करायला लागले. पाऊस नाही, पाणी नाही, तरी तिथली ज्वारी तग धरते, तेव्हा मुळांशी कुणीतरी मदतीला असणार असा माझा अंदाज. दीड वर्षानं एक जंतू सापडला. खरोखरच चिवट. सुकलं तर बीजाणू होऊन पडून राहायचा, ओल मिळाली की पुन्हा जागा. रोपांना लावला तर पाण्याविना चार-पाच दिवस जास्त टिकायची. मी त्याला नंबर दिला, के-सतरा. आक्का त्याला 'म्हांकाळी' म्हणायच्या. चार वर्षं दर महिन्याला त्यांनीच त्याचं विरजण पुढे नेलं. मी फक्त वहीत तारखा लिहायचे.

त्या वर्षी दोन फायली एकाच टेबलावर होत्या. एक माझी: रखडलेलं प्रोबेशन संपवून मला कायम करायची. दुसरी आक्कांची. नानांनी कुठून कुठून ओळखी काढून, अर्ज लिहून देऊन, एवढ्या वर्षांनी पहिल्यांदाच आक्कांना कायम करायचा प्रस्ताव संस्थेच्या कार्यालयापर्यंत पोहोचवला होता. फक्त सही राहिली होती. आक्का त्याबद्दल कुणाशी बोलत नव्हत्या, पण एकदा मला म्हणाल्या, "फुडल्या मे म्हैन्यात हजरीवर सही करून येतो बगा, बाई. चोरासारकं यायला नगो." त्यांना एवढंच हवं होतं.

जुलैतली गोष्ट. फ्रीजमध्ये बर्फ साचला होता म्हणून मी तो बंद करून सगळं बाहेर काढलं. के-सतराच्या सगळ्या नळ्यांची जाळी मी बेसिनशेजारच्या ओट्यावर ठेवली. तिथेच टाकायच्या टोपल्या असतात. ठेवली मीच. तेवढ्यात विद्यापीठातून माझ्या मार्गदर्शकांचा फोन आला, प्रबंधाचा आराखडा परत पाठवलाय, अमुक दुरुस्त्या करा म्हणून. मी खिडकीकडे तोंड करून बोलत होते. मागून आक्कांचा आवाज आला.

"बाई, म्हांकाळी सोडू का?"

मी वळले नाही. फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "हां, सोडा."

बस, एवढंच झालं. मला काय वाटलं असेल त्या क्षणी? काहीच नाही. आक्का दिवसातून दहा वेळा विचारायच्या आणि आम्ही दहा वेळा 'सोडा' म्हणायचो. मी प्रश्न ऐकलाच नव्हता, नुसतं उत्तर दिलं. संध्याकाळी फ्रीज पुन्हा लावला, नळ्या शोधल्या आणि त्या मला धुतलेल्या काचसामानात सापडल्या. स्वच्छ, उलट्या, निथळत ठेवलेल्या. चार वर्षांचं काम धुऊन सुकत होतं.

चूक कुणाच्याही हातून होते. त्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. पुढचं मात्र चूक म्हणून खपवता येत नाही. आक्का घरी गेल्या होत्या. सर कॉरिडॉरमधून आले, माझा चेहरा बघून काय झालं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्कांनी माझं सगळं कल्चर ऑटोक्लेव्ह केलं." वाक्य खरं होतं. 'मी सांगितलं म्हणून' एवढे तीन शब्द त्याला जोडायचे राहिले. राहिले म्हणजे, मी ठेवले. सर भडकले. त्या संशोधनाला संस्थेचं अनुदान होतं, त्यामुळे गोष्ट वर गेली. दोन दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत चौघे बसले: प्राचार्य, संस्थेचे दोन पदाधिकारी आणि सर. मला बसायला खुर्ची दिली. आक्का उभ्या होत्या.

"बाईंना न विचारता नष्ट केलं का?" पदाधिकाऱ्यांनी विचारलं.

"इचारलं की," आक्का म्हणाल्या. "इचारल्याबिगर मी करत न्हाई."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"सोडा म्हनल्या."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी सुटकेची वाट मला लख्ख दिसली. मी म्हणाले, "हो सर. मी फोनवर होते. मी म्हणाले, सोडा. म्हणजे, आहे तिथेच सोडा, असू द्या."

मराठीच्या कुठल्याही कोशात बघा, माझी चूक सापडणार नाही.

"अहो, मग सोडा म्हटल्यावर सोडून द्यायचं," दुसरे पदाधिकारी आक्कांवर ओरडले. "कुकरात कशाला घातलं? सोडणे म्हणजे काय कळत नाही का तुम्हाला?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी काहीतरी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला कळत होतं. 'आमच्या लॅबमध्ये सोडणे म्हणजे ऑटोक्लेव्ह करणे' हे एक वाक्य. सरांनाही ते ठाऊक होतं. सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. त्या खोलीत तिघांना शब्दाचा अर्थ माहीत होता आणि तिघांपैकी ज्या दोघांना खुर्च्या होत्या ते गप्प बसले. मग आक्काच म्हणाल्या, "माजं चुकलं आसंल."

आक्कांची फाईल सही न होता परत आली. त्या वर्षी ब्रेक पुढच्या मे महिन्यापर्यंत न थांबता जुलैतच दिला आणि पुन्हा बोलावलं नाही. माझी फाईल सही होऊन आली. नानांनी गेटवर मला सलाम करणं बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, "न्हाई वं म्याडम, दिसलं न्हाई." सोळा वर्षं सरहद्दीवर नजर लावून बसलेल्या माणसाला मी दिसत नव्हते.

त्या सप्टेंबरात एका सकाळी दाराची बेल वाजली. मी तेव्हा विश्रामबागेतच भाड्यानं राहत होते. दारात आक्का. पांढरं लुगडं, हातात पिशवी नाही, काही नाही. तेव्हा आठवलं, आज क्षमावाणी. मी 'या' म्हणाले. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, चपला काढल्या, हात जोडले.

"वर्सात माजं काय चुकलं आसंल तर क्षमा करा, बाई."

माझ्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. पुढे म्हणाल्या, "मला परवा नानांनी सांगितलं, तुमचं कामच थांबलंय म्हनून. मला म्हाईत न्हवतं वं. मला वाटलं, तुमच्याकडं आनि नळ्या आसतील, ह्या जुन्या म्हनून सोडा म्हनला आसशीला. बटाट्याचं पातेलं ठेवतो न्हवं त्या कपाटात, मागं, चाच्या डब्यात म्हांकाळीचं इरजण हाय. त्या नळ्या सोडायच्या आदल्या आटवड्यातच लावल्यालं. चिवट हाय ते, मेलं नसंल. बगा."

म्हणजे माझ्यावर रागावायचं सोडाच, या बाईनं अजूनही माझ्याकरता सबब शोधून ठेवली होती. मी खोटं बोलले हे त्यांना कळलंच नव्हतं की कळूनही त्या तसं बोलल्या, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. खरं तर ठरवायचंच नाही. दोन्हीतलं कुठलंही उत्तर मला सोसणार नाही.

त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. 'आक्का, क्षमा तुम्ही नाही, मी मागायची आहे' एवढं म्हणायचं, आणि चला म्हणून त्यांना तशाच प्राचार्यांच्या खोलीत घेऊन जायचं. फार तर माझी नोकरी गेली असती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले,

"जाऊ दे आक्का. सोडा आता ते."

सोडा! दुसरा शब्द सुचलाच नाही. आक्कांनी मान हलवली, चपला घातल्या आणि गेल्या. मी दार लावलं आणि, लाज वाटते सांगायला, पहिला विचार आला तो डब्याचा. रिक्षा करून कॉलेज गाठलं. पातेल्यामागे डबा होता. आत कापसाच्या बोळ्यांनी बंद केलेल्या नळ्या, प्रत्येकीवर आक्कांच्या अक्षरात चिठ्ठी. माझ्या नळीवर लिहिलं होतं, 'म्हांकाळी, कुंडलच्या बाईंची.' तिसऱ्या दिवशी ताज्या आगरवर पांढुरकी, सुरकुतलेली वसाहत वर आली. मेला नव्हता.

त्याच नळीवर मी डॉक्टर झाले. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाची दोन पानं आहेत. त्यात मार्गदर्शक आहेत, सर आहेत, प्राचार्य आहेत, आई-वडील आहेत, टायपिंग करून देणाराही आहे. आक्का नाहीत. त्यांचं नाव घातलं असतं तर कशाबद्दल, हे लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिल्यावर बाकीची दोन पानं फाडावी लागली असती.

नंतर आक्का सांगलीतून हद्दीकडच्या गावी बहिणीकडे गेल्या असं कळलं. मिरजेवरून एसटीनं तासाभराचा रस्ता. दरवर्षी गणपती गेले की मी म्हणायचे, यंदा जाऊन येऊ. एका वर्षी परीक्षा होत्या, एका वर्षी तपासणी समिती येणार होती, एका वर्षी महापूर येऊन गेला होता. सबबी मला कधी कमी पडल्या नाहीत. गेल्या वर्षी मी विभागप्रमुख झाले. पहिलंच काम म्हणून जुनी हजेरीपुस्तकं कपाटातून काढली आणि बघितली. दरवर्षीच्या मे महिन्यात आक्कांचं नाव नाही. नाना आता थकलेत, तरी कधीमधी येऊन गेटवर बसतात. त्या दिवाळीनंतर त्यांनीच सांगितलं. "आक्का गेल्या, म्याडम. दोन म्हैनं झालं." मी हिशेब केला. म्हणजे गणपतीच्या आसपास. क्षमावाणीच्या आधी की नंतर, हे विचारायचं धाडस झालं नाही. मी म्हणाले, "मला आधी कळवलं असतं तर..." कळवलं असतं तर मी काय केलं असतं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

आता आमच्याकडे नवा ऑटोक्लेव्ह आहे. बटण दाबायचं, आकडे दिसतात, काम झालं की शिटी वाजते. नट आवळावे लागत नाहीत आणि त्याला कुणी हात जोडत नाही. आक्कांना पाहिलेलं विभागात आता माझ्याशिवाय कुणी नाही. पण परवा चार वाजता एफ.वाय.ची एक मुलगी माझ्या केबिनच्या दारात टोपली घेऊन आली. कवठे महांकाळची आहे, बुजरी, दोन महिन्यांपूर्वी दाखल झालेली.

"मॅडम, ह्या सोडू का?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. मी उठले, तिच्या टोपलीतली एकेक नळी उजेडात धरून नाव वाचलं. सगळ्या टाकायच्याच होत्या. मग तिला विचारलं, "सोडणे म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

काही चुकलं की काय म्हणून ती गोंधळली. आधी माझ्याकडे, मग टोपलीकडे पाहिलं.

"म्हणजे ऑटोक्लेव्ह करणं," ती म्हणाली. "हे लॅबमधे सगळ्यांनाच माहीत असतंय की, मॅडम."